सर्दी नाही, खोकला नाही, तरी ताप: लहान मुलांचा लघवीचा जंतुसंसर्ग, संशयापासून सोनोग्राफीपर्यंत

दहा महिन्यांचं बाळ आहे. दोन दिवस झाले, ताप १०२ च्या खाली उतरत नाही. नाक वाहत नाही, खोकला नाही, जुलाब नाहीत. आजी म्हणते दात येतायत, शेजारच्या काकू म्हणतात उष्णता झाली असेल. मग मागच्या वेळचं उरलेलं अँटिबायोटिक किंवा मेडिकलवाल्याने दिलेलं एखादं सिरप सुरू होतं. ताप उतरतो आणि विषय संपतो.

अशा तापामागे लघवीचा जंतुसंसर्ग असू शकतो. दोन वर्षांखालच्या ज्या मुलांना ताप आहे पण त्याचं दुसरं कारण सापडत नाही, त्यांच्यातल्या शंभरापैकी साधारण पाच ते सात जणांना तो निघतो. अँटिबायोटिकचे एकदोन डोस पोटात गेले की लघवीतले जंतू दबतात आणि तपासणीत दिसेनासे होतात, पण संसर्ग पुरता गेलेला नसतो. मग तो होता की नव्हता, हे सांगायला कुणाकडे काही उरत नाही. आणि ते कळायला हवं असतं, कारण लहान वयातला हा संसर्ग पुष्कळदा किडनीपर्यंत पोचलेला असतो आणि काही मुलांच्या मूत्रमार्गाच्या रचनेतच जन्मापासून दोष असतो.

म्हणून नव्या आईबाबांनी या लेखातली एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल तर ही ठेवा: लहान मुलाला कारण सापडत नसलेला ताप असेल, तर अँटिबायोटिकचा पहिला डोस देण्याआधी लघवीचा नमुना घ्यायला हवा. डॉक्टरांच्या ते लक्षात आलं नाही तर तुम्ही विचारा. असं विचारणं म्हणजे डॉक्टरांवर अविश्वास दाखवणं नव्हे.

पहिली पायरी: वयाप्रमाणे लक्षणं ओळखा

लघवीचा संसर्ग म्हणजे जळजळ, हे मोठ्यांचं गणित. तान्हं बाळ जळजळ सांगू शकत नाही, आणि बऱ्याचदा त्याची लक्षणं लघवीशी संबंधित वाटतच नाहीत.

पहिल्या दोन-तीन महिन्यांत बाळ नीट अंगावर पीत नाही, सारखं किरकिरतं किंवा उलट अगदी गळून पडतं, उलट्या करतं, वजन वाढत नाही. जन्मानंतरची कावीळ लांबत जाते. ताप असतोच असं नाही. काही बाळांचं अंग उलट गार पडतं. या वयात काखेतलं तापमान १००.४ फॅरनहाइट, म्हणजे ३८ सेल्सिअस किंवा त्याहून जास्त भरलं, तर घरी वाट पाहत बसू नका. रात्र असली तरी दवाखाना गाठा.

तीन महिने ते दोन वर्षं या वयात मुख्य लक्षण तापच, तोही चढा, कधी थंडी वाजून येणारा. सोबत उलट्या, खाण्यावरची वासना जाणं, पोट दुखतंय अशी रड. काही बाळं शू करताना कळवळतात किंवा पाय पोटाशी घेतात. लघवीला उग्र वास येतो म्हणून पालक घाबरतात. पण फक्त वासावरून काही ठरवता येत नाही, पाणी कमी प्यालं तरी वास येतो. दात येताना मूल चिडचिडं होतं, लाळ गाळतं, अंग किंचित कोमट लागतं. १०२-१०३ ताप दातांमुळे येत नाही. आपल्याकडे दातांच्या नावावर इतके ताप खपून जातात की हे ठासून सांगावंसं वाटतं.

बोलायला लागलेलं मूल मात्र पुष्कळ काही सांगतं. ‘शूच्या जागी दुखतं’ म्हणतं, दर पंधरा मिनिटांनी जाऊन दोन थेंब करून येतं, ओटीपोटावर हात ठेवतं. लघवी गढूळ किंवा लालसर दिसते. अंथरुण ओलं करणं थांबून वर्ष झालेलं मूल पुन्हा ओलं करायला लागतं. संसर्ग फक्त मूत्राशयात असेल तर ताप नसतो किंवा बारीक असतो. चढा ताप, उलट्या आणि एका बाजूला कंबरेच्या वर, बरगड्यांखाली दुखणं, असं सगळं एकत्र आलं तर किडनीपर्यंत संसर्ग गेल्याचं धरून चालतात.

दुसरी पायरी: सारखं दिसणारं पण वेगळं असलेलं बाजूला काढा

एप्रिल-मे महिन्यात मूल दिवसभर उन्हात खेळतं, पाणी पीत नाही, आणि संध्याकाळी गडद पिवळी लघवी करताना जळजळतं म्हणतं. घरात याला उन्हाळी लागली म्हणतात आणि धने-जिऱ्याचं पाणी, सब्जा, कोकम सरबत सुरू करतात. ताप नसेल, मूल खेळतं असेल, तर भरपूर पाणी देऊन संध्याकाळ ते सकाळ बघायला हरकत नाही. लघवी फिकी झाली आणि जळजळ गेली तर प्रश्न मिटला. सकाळीही जळजळ तशीच असेल किंवा ताप आला, तर पुढचा पेला धने-पाण्याचा नको, लघवीची तपासणी हवी. आणि सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला यातलं काहीच देऊ नका, साधं पाणीसुद्धा नाही.

तीन ते आठ वर्षांच्या मुलींमध्ये बाहेरच्या नाजूक त्वचेला आग झाली तरी शू करताना चुरचुरतं. जागा लाल दिसते, खाज असते, कधी चड्डीला पिवळसर डाग लागतो. सुगंधी साबण, ओली चड्डी, नीट न धुणं ही त्याची नेहमीची कारणं. रात्री शीच्या जागी खाज सुटून मूल जागं होत असेल तर कृमी बघा, पांढऱ्या दोऱ्यासारखे बारीक जंत रात्री टॉर्चच्या उजेडात दिसतातही.

नवजात बाळाच्या लंगोटावर विटेच्या भुकटीसारखा गुलाबी-नारिंगी डाग पडतो, ते बहुतेक वेळा युरेट या लघवीतल्या क्षाराचे स्फटिक असतात, रक्त नव्हे. बाळाला दूध पुरत नसल्याची ती खूण असू शकते, म्हणून डॉक्टरांना तो लंगोट दाखवा.

यातली एक गोष्ट मात्र निसटता कामा नये. मूल वारंवार लघवीला जातंय, पण प्रत्येक वेळी भरपूर होतेय, तहान भागत नाही, रात्री उठून पाणी मागतंय आणि वजन उतरतंय, तर त्याच दिवशी रक्तातली साखर तपासून घ्या. लहान मुलांचा मधुमेह असाच सुरू होतो आणि ‘युरिन इन्फेक्शन असेल’ म्हणत चार दिवस काढले तर जिवावर बेतू शकतं.

तिसरी पायरी: लघवीचा नमुना नीट घ्या

या पायरीवर मी सर्वात जास्त थांबणार आहे, कारण पुढचं सगळं, औषध, सोनोग्राफी, कधीकधी वर्षभराची तपासणी, या एका डबीवर ठरतं. नमुना खराब असेल तर नसलेला संसर्ग दिसतो आणि मुलाला नाहक औषधं आणि तपासण्या सोसाव्या लागतात.

डबी लॅबमधूनच आणा, निर्जंतुक, झाकण घट्ट असलेली. घरातली औषधाची बाटली उकळून वापरू नका. झाकण शेवटच्या क्षणी उघडा, आतून बोट लावू नका, आणि झाकण ओट्यावर ठेवावंच लागलं तर उताणं ठेवा. मुलाची जागा साध्या पाण्याने आणि सौम्य साबणाने धुवा, साबण पूर्ण निघेल असं पाणी घाला, स्वच्छ कापडाने टिपा. जंतुनाशक द्रावण लावू नका, ते लघवीत उतरलं तर जंतू वाढत नाहीत आणि रिपोर्ट खोटाच चांगला येतो. मुलगा असेल तर पुढची कातडी जबरदस्तीने मागे ओढू नका.

चार-पाच वर्षांच्या पुढच्या मुलाकडून मधल्या धारेची लघवी घ्यायची. सुरुवातीची थोडी जाऊ द्यायची, मग धारेखाली डबी धरायची, शेवटची पुन्हा सोडून द्यायची. मुलींच्या बाबतीत पाय नीट फाकलेले हवेत, नाहीतर लघवी त्वचेवरून ओघळत डबीत येते. भारतीय पद्धतीच्या संडासावर हे आपोआप जमतं. कमोड असेल तर मुलीला उलटं, टाकीकडे तोंड करून बसवा.

तान्ह्या बाळाच्या शूची वाट पाहणं ही खरी परीक्षा. स्पेनमधल्या डॉक्टरांनी नवजात बाळांसाठी २०१३ मध्ये मांडलेली एक युक्ती आता अनेक ठिकाणी वापरतात. बाळाला पाजा, साधारण पंचवीस मिनिटं थांबा, मग जागा धुवा. एकाने बाळाला काखेत धरून पाय लोंबते ठेवायचे. दुसऱ्याने ओटीपोटावर बोटांच्या टोकांनी हलक्या टिचक्या मारायच्या, मिनिटाला शंभरच्या वेगाने, अर्धा मिनिट. मग पाठीच्या खालच्या भागात कण्याच्या दोन्ही बाजूंना अंगठ्यांनी गोल गोल हलका मसाज, अर्धा मिनिट. असं आलटून पालटून पाच मिनिटांपर्यंत. डबी उघडून तिसरं माणूस तयारच हवं, कारण धार येते ती न सांगता येते. थोड्या मोठ्या, वर्षाच्या आतल्या बाळांसाठी ऑस्ट्रेलियातल्या २०१७ च्या अभ्यासात गार सलाइनमध्ये भिजवलेलं गॉझ ओटीपोटावर गोल फिरवायची पद्धत उपयोगी ठरली. या दोन्ही पद्धती दवाखान्यात, नर्सच्या मदतीने केलेल्या बऱ्या.

चिकटवायची पिशवी सगळीकडे मिळते आणि सोपी वाटते. पण तिच्यात त्वचेवरचे आणि शीतले जंतू हमखास मिसळतात. पिशवीतली लघवी रुटीन तपासणीत स्वच्छ निघाली तर संसर्ग नसण्याची शक्यता मोठी, एवढंच तिच्यावरून म्हणता येतं. कल्चरसाठी, म्हणजे लघवीतले जंतू लॅबमध्ये वाढवून ओळखायच्या तपासणीसाठी, ती धरू नये, आणि डायपर किंवा कापूस पिळून काढलेली लघवी तर मुळीच नाही. बाळ आजारी दिसत असेल आणि औषध लगेच सुरू करायचं असेल तर डॉक्टर बारीक नळी घालून लघवी काढायला सांगतात. अनेक आईबाबा इथे नकार देतात. नळी बारीक असते, काम दोन-तीन मिनिटांत होतं, बाळ रडतं आणि कडेवर घेतलं की शांत होतं. त्या दोन मिनिटांनी निदान पक्कं होत असेल तर होकार द्यावा, असं मला मनापासून वाटतं.

आता वेळ. लघवी उबदार असते आणि तिच्यात जंतू झपाट्याने वाढतात. सकाळी सातला घेतलेली डबी शाळा-ऑफिसच्या गडबडीत टेबलावर राहिली आणि अकराला लॅबमध्ये पोचली, तर रिपोर्टवर भरवसा ठेवता येत नाही. तासाभरात पोचवा. ते शक्य नसेल तर डबी प्लास्टिकच्या पिशवीत घालून फ्रिजच्या खालच्या कप्प्यात ठेवा, फ्रीजरमध्ये नको, आणि नेताना बर्फाच्या पिशवीसोबत न्या. अशी थंड ठेवलेली लघवी २४ तासांपर्यंत चालते. गावातून तालुक्याच्या लॅबला नमुना जाणार असेल तर तो किती वाजता निघतो हे आधी विचारा आणि त्या वेळेच्या जवळ नमुना घ्या. बाळ गंभीर असेल तर मात्र नमुन्यापायी तासन्‌तास घालवू नका. नळीने लघवी घेऊन लगेच इंजेक्शन सुरू करणं, हे अशा वेळी योग्य.

चौथी पायरी: रिपोर्ट वाचायला शिका

दोन वेगळे रिपोर्ट असतात. रुटीन काही तासांत मिळतो. त्यात पस सेल्स, म्हणजे पांढऱ्या पेशी, पाचपेक्षा जास्त असतील तर संशय वाढतो. नायट्राइट पॉझिटिव्ह असेल तर संसर्गाची शक्यता खूपच. पण नायट्राइट तयार व्हायला लघवी साधारण चार तास मूत्राशयात थांबावी लागते आणि तान्ही बाळं तासातासाला शू करतात, म्हणून त्यांच्यात निगेटिव्ह आलं तरी निश्चिंत होता येत नाही. नुसत्या पस सेल्स इतर तापांतही वाढतात.

दुसरा रिपोर्ट कल्चरचा, दोन ते तीन दिवसांनी. मधल्या धारेच्या लघवीत एकाच प्रकारचे जंतू मिलिलीटरला एक लाख किंवा जास्त वाढले तर संसर्ग धरतात. नळीने काढलेल्या लघवीत त्याहून कमी आकडाही पुरतो. ‘मिक्स्ड ग्रोथ’ असं लिहून आलं, म्हणजे दोन-तीन प्रकारचे जंतू वाढले, तर नमुना दूषित झाला असं समजून पुन्हा विचार करावा लागतो. खाली औषधांची यादी असते, ज्याच्यासमोर सेन्सिटिव्ह ते चालेल, रेझिस्टंट ते चालणार नाही. चालू औषध या यादीत कुठे आहे, हे डॉक्टरांना दाखवून घ्या. रिपोर्ट आला आणि ताप गेलाय म्हणून तो आणायलाच कुणी गेलं नाही, असंही होतं.

मुलाला काही त्रास नाही, ताप नाही, आणि सहज केलेल्या कल्चरमध्ये जंतू आले, तर बहुधा औषध द्यायचं नसतं. तसंच उपचारानंतर मूल ठणठणीत असेल तर ‘गेलं का’ हे बघायला पुन्हा कल्चर करायची गरज नसते.

पाचवी पायरी: औषध पूर्ण द्या

दोन-तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला दवाखान्यात भरती करून शिरेतून औषध देतात. त्यापुढच्या मुलाला, ते तोंडाने औषध घेऊन पोटात ठेवत असेल तर, सिरपही तेवढंच काम करतं. इंजेक्शन म्हणजे जास्त चांगला उपचार, असं नाही. ताप असलेल्या संसर्गात साधारण सात ते दहा दिवस आणि मोठ्या मुलाच्या फक्त मूत्राशयाच्या संसर्गात तीन ते पाच दिवस औषध असतं. किती दिवस ते डॉक्टर ठरवतील. पावडरच्या बाटलीत सोबत मिळालेलं पाणी खुणेपर्यंतच घाला, प्रत्येक वेळी हलवा, मोजायला चमचा नको, टोपण किंवा ड्रॉपर वापरा, आणि फ्रिजमध्ये ठेवायची सूचना लेबलवर आहे का ते वाचा. औषध दिल्यावर अर्ध्या तासात सगळं उलटून पडलं तर डॉक्टरांना फोन करून तो डोस पुन्हा द्यायचा का ते विचारा.

जळजळ कमी करणारं गोड सिरप बऱ्याचदा सोबत लिहून देतात. त्याने आराम पडतो, जंतू मरत नाहीत. अँटिबायोटिक थांबवून ते चालू ठेवू नका. तापासाठी पॅरासिटामॉल वजनाप्रमाणे, किलोला १५ मिलिग्रॅम, सहा तासांच्या अंतराने. दहा किलोच्या बाळाला १५० मिलिग्रॅम. बाटलीवर ‘५ मिलिलीटरमध्ये १२५’ आहे की ‘२५०’, हे प्रत्येक नव्या बाटलीवर वाचा.

औषध सुरू झाल्यावर पहिले दोन दिवस ताप येत राहू शकतो. म्हणून दुसऱ्याच दिवशी डॉक्टर बदलू नका. पण ४८ तासांनंतरही ताप तसाच असेल तर परत दाखवा. जंतू त्या औषधाला दाद देत नसतील, किंवा लघवीच्या वाटेत कुठे अडथळा असेल. त्याआधीही मूल काहीच पोटात ठेवत नसेल, आठ-दहा तासांत लघवी झाली नसेल, सुस्त पडलं असेल, किंवा झटका आला असेल, तर थेट दवाखाना. उपचाराला उशीर झाला की किडनीवर कायमचा व्रण राहण्याचा धोका वाढतो, म्हणून या दोन दिवसांना इतकं महत्त्व.

सहावी पायरी: हे का झालं, ते शोधा

बहुतेक वेळा दोषी असतो ई. कोलाय नावाचा जंतू. थिओडोर एशरिश या बालरोगतज्ज्ञाने १८८५ मध्ये त्याचं वर्णन केलं, तेही बाळांच्या शीतून. तो आतड्यात राहतो तोपर्यंत त्रास देत नाही. शीच्या जागेवरून लघवीच्या जागी पोचला आणि वर चढला की संसर्ग. मुलींचा मूत्रमार्ग आखूड, म्हणून पहिल्या काही महिन्यांनंतर त्यांच्यात हा आजार जास्त. सात वर्षांपर्यंत शंभरातल्या साधारण आठ मुलींना आणि दोन मुलग्यांना तो एकदा तरी होऊन गेलेला असतो. पहिल्या तीन-चार महिन्यांत मात्र मुलगे पुढे असतात.

पण जंतू सगळ्यांच्याच अंगावर असतात, मग याच मुलाला का? दोन प्रकारची उत्तरं आहेत.

एक, रचनेतला दोष. काही मुलांत मूत्राशयातली लघवी उलटी किडनीकडे चढते. याला रिफ्लक्स म्हणतात. तापासह पहिला संसर्ग झालेल्या मुलांपैकी जवळजवळ एक तृतीयांश मुलांत तो सापडतो, आणि भावंडांतही आढळतो. त्याच्या तीव्रतेच्या एक ते पाच पायऱ्या असतात. पहिल्या-दुसऱ्या पायरीचा पुष्कळदा वयाबरोबर आपोआप जातो. मुलग्यांत मूत्रमार्गात लघवी अडवणारा जन्मजात पडदा असू शकतो. बाळाची धार जोरात उडते की थेंब थेंब गळते, हे आईबाबांनी मुद्दाम बघावं. थेंब थेंब गळत असेल तर थांबू नका. गरोदरपणातल्या सोनोग्राफीत ‘बाळाची किडनी सुजलेली’ असा शेरा असेल तर तो कागद शोधून डॉक्टरांसमोर ठेवा. पाठीच्या खालच्या टोकाला केसांचा पुंजका किंवा खळगा असेल तर तोही दाखवा, मज्जारज्जूच्या दोषामुळे मूत्राशय पूर्ण रिकामं होत नाही. मूतखडा हेही एक कारण.

मुलग्यांच्या पुढच्या कातडीबद्दल एक विनंती. बाळपणी ती मागे सरकत नाही, हे नैसर्गिक आहे आणि तीन-चार वर्षांपर्यंत किंवा पुढेही तसं राहू शकतं. तेल लावायला येणाऱ्या मावशी रोज ती ओढून मागे करत असतील तर त्यांना प्रेमाने पण ठामपणे थांबवा. ओढल्याने बारीक चिरा पडतात, त्या भरताना कातडी आणखी घट्ट होते. शू करताना तिथे फुगा येत असेल आणि संसर्गही वारंवार होत असेल तर सर्जनना दाखवा.

दुसरं उत्तर साधं आहे, म्हणून त्याकडे दुर्लक्ष होतं: बद्धकोष्ठ आणि शू दाबून ठेवणं. शीचा कडक गोळा आतड्यात साठला की तो पुढच्या मूत्राशयावर दाब देतो, लघवी पूर्ण होत नाही, उरलेल्या लघवीत जंतू वाढतात. ‘रोज होते की’ असं म्हणणाऱ्या घरातही मूल रोज सुपारीएवढे खडे करत असतं. तेही बद्धकोष्ठच. पाच वर्षांखालच्या मुलाला तीन-चार पेले दूध आणि बिस्किटं, भाजी-वरण नावापुरतं, हा त्याचा नेहमीचा पाया.

शू दाबणारी मुलगी ओळखता येते. खेळता खेळता एकदम मांडी आवळते, टाच शूच्या जागी दाबून खाली बसते, आणि विचारलं तर ‘नाही लागली’ म्हणते. शाळेतून येते ती बूट न काढता बाथरूमकडे धावते, आणि दप्तरातली पाण्याची बाटली सकाळी भरली तशीच असते. शाळेतलं स्वच्छतागृह घाण आहे, कडी लागत नाही, बाई तासाला सोडत नाहीत, म्हणून ती पाणीच पीत नाही. मुलाच्या मूत्राशयात किती मावतं याचा ढोबळ हिशेब आहे: वयात दोन मिळवा, तिसाने गुणा, तेवढे मिलिलीटर. सहा वर्षांच्या मुलीचे २४० होतात, म्हणजे चहाचे दीड-दोन कप. त्यावर सहा तासांची शाळा काढायला लावणं अन्याय आहे. केरळमधल्या शाळांनी २०१९ मध्ये पाणी पिण्यासाठी वेगळी घंटा सुरू केली. असा आग्रह आपल्या पालकसभेत धरावा, पण त्याआधी स्वच्छतागृहाला पाणी आणि कडी मागावी.

सातवी पायरी: सोनोग्राफी आणि पुढचं

पहिला संसर्ग सिद्ध झाला की किडनी आणि मूत्राशयाची सोनोग्राफी करून घेतात. तिला सुई नाही, किरण नाहीत. पुढच्या दोन तपासण्या सगळ्यांना लागत नाहीत. एमसीयू या तपासणीत नळीने मूत्राशयात एक्स-रेत दिसणारं द्रव्य भरून रिफ्लक्स बघतात. सोनोग्राफीत काही वावगं दिसलं किंवा संसर्ग पुन्हा झाला तर ती सुचवतात. डीएमएसए स्कॅन किडनीवरचे व्रण दाखवतो. तो संसर्गानंतर चार ते सहा महिन्यांनी करतात, कारण त्याआधीची सूज व्रणासारखी दिसते.

जास्त रिफ्लक्स असलेल्या मुलांना रोज रात्री अँटिबायोटिकचा छोटा डोस महिनोन्‌महिने देतात. अमेरिकेत ६०७ मुलांवर झालेल्या आणि २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत अशा डोसाने पुन्हा होणारे संसर्ग जवळपास निम्म्यावर आले, पण किडनीवरच्या नव्या व्रणांत फरक दिसला नाही. त्यामुळे हा डोस सरसकट दिला जात नाही. तुमच्या मुलाला का दिला, किती महिने, हे विचारून घ्या. व्रण राहिलेल्या मुलाचा रक्तदाब आणि लघवीतली प्रथिनं दरवर्षी तपासायची असतात, मूल कितीही धडधाकट दिसलं तरी.

खर्चाची अडचण असेल तर तपासणी सोडू नका. २०१३ पासून चालू असलेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथकं अंगणवाडी आणि सरकारी शाळांत येतात, ती मुलांना वरच्या रुग्णालयात पाठवू शकतात. आशाताईंना विचारलं तर पथक कधी येणार ते कळतं.

आठवी पायरी: पुन्हा होऊ नये म्हणून घरात

धुताना हात पुढून मागे न्या. लहान मुलीला आपण बऱ्याचदा समोरून हात घालून धुतो आणि हात परत आणताना शी पुढे ओढली जाते. मागून हात घालून धुवायची सवय आधी तुम्ही लावून घ्या, मग तिला शिकवा. डायपर शी झाल्यावर लगेच बदला. दिवसा काही तास सुती लंगोटावर ठेवलं तर त्वचाही बरी राहते. चड्डी सुती, सैल, कोरडी.

मोठ्या मुलाला दर दोन-तीन तासांनी, लागली नसली तरी, शूला पाठवा आणि घाई करू नका. कमोडवर पाय लोंबकळत असतील तर खाली पाट द्या, पाय टेकल्याशिवाय ओटीपोट सैल सुटत नाही. जेवणानंतर पाच-दहा मिनिटं शीला बसवा, मोबाइलशिवाय. दूध दिवसाला अर्ध्या लिटरच्या आत आणा, पेरू, पपई, पालेभाजी, वरण वाढवा. तरी खडे होत असतील तर शी मऊ करणारं औषध डॉक्टर काही महिने देतात. दोनच आठवड्यांत बंद केलं तर बद्धकोष्ठ परत येतं.

क्रॅनबेरीबद्दल हल्ली खूप विचारतात. वारंवार संसर्ग होणाऱ्या मुलांत तिने प्रमाण कमी होतं असं काही अभ्यासांत दिसलं आहे, पण झालेला संसर्ग तिने बरा होत नाही आणि बाजारातल्या रसात साखर बरीच असते. तान्ह्यासाठी स्तनपान अधिक कामाचं, अंगावर पिणाऱ्या बाळांत हा संसर्ग कमी आढळतो.

शेवटचं काम कागदांचं. एका फाइलमध्ये कल्चरचा रिपोर्ट, कोणतं औषध किती दिवस दिलं, सोनोग्राफी आणि मुलाचं त्या वेळचं वजन लावून ठेवा. गावाला जाताना फाइलचे फोटो मोबाइलमध्ये असू द्या. पुढच्या वेळी ताप आला तर, सर्दी-खोकला दिसत असला तरी, डॉक्टरांना पहिल्याच वाक्यात सांगा: ‘याला आधी लघवीचा संसर्ग झाला होता.’ आणि घरात एक निर्जंतुक डबी आणून ठेवलेली असू द्या, पाळणाघरात आणि आजीकडेही.